काचेच्या पेटीतला नवरदेव

आमच्या स्टुडिओत चांगली खुर्ची एकच होती, आणि ती पुरुषांची होती. शिसवी, हातांवर वाघाचे पंजे कोरलेली, पाठीला लाल मखमल. बाईमाणसाने तिच्यात बसायचं नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कोणी बसतही नसे. बायकांसाठी एक उंच तिपाई होती, तिच्यावर कागदी गुलाबांची फुलदाणी. तिपाईशी उभं राहायचं, एक हात तिच्यावर ठेवायचा, आणि आपण कुठल्या तरी राजवाड्यात आहोत असा चेहरा करायचा, कारण मागच्या पडद्यावर राजवाडा रंगवलेला होता. जोडपं आलं की नवरा खुर्चीत आणि बायको उभी. आमचे हे म्हणायचे, "फोटोत दोनच जागा असतात. गिऱ्हाईक आत आलं की कुठे जायचं ते त्याचं त्यालाच कळतं." ह्यांना जगातलं सगळंच सोपं वाटायचं. अवघड असेल ते माझ्याकडे.

मी धुळ्याची. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा त्या तीन पायांच्या, काळं फडकं पांघरलेल्या पेटीला घाबरून मी स्वयंपाकघराबाहेर येत नसे. पुढे ह्यांच्या हाताखालचा माणूस मुंबईला निघून गेला आणि ह्यांची नजर माझ्याकडे वळली. रांगोळी बरी काढते, म्हणजे पेन्सिलही चालवील, असा ह्यांचा हिशेब. तो चुकला नाही, पण तसं मी तोंडावर कधी कबूल केलं नाही.

तेव्हा फोटो काचेवर निघत. खिडकीशी एक उतरतं मेज होतं. त्यावर काच तिरपी ठेवायची, मागून उजेड घ्यायचा आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून काढायची. काचेवर सगळं उलटं दिसतं. केस पांढरे, धोतर काळं, कुंकवाचा पांढरा ठिपका. सवय होईपर्यंत समोरची व्यक्ती बाई आहे की बाप्या हेच मला पटकन कळत नसे. मग मी कुंकू शोधायची, मिशी शोधायची, आणि ते सापडलं की हायसं वाटायचं. आता वाटतं, एवढं हायसं वाटण्यासारखं त्यात काय होतं?

दुसरं काम बायकांना उभं करायचं. खेड्यापाड्यातून आलेल्या बायका ह्यांच्यासमोर मान वर करत नसत. पदर सारखा करणं, हनुवटी उचलणं, "आता श्वास धरा" म्हणणं हे सगळं मी करायची. त्यामुळे माणसं फोटोला उभी राहतात तेव्हा त्यांच्या मनात काय चालतं ते मी फार जवळून पाहिलं आहे. बहुतेकांना आपण आहोत त्याहून थोडं बरं दिसायचं असतं. काहींना मात्र निराळंच काही हवं असतं.

एकदा एक जोडपं लहान मूल घेऊन आलं. परकर-पोलकं, नाकात मुरणी, हातभर बांगड्या. "किती गोड पोर आहे हो," म्हणत मी कुंकू लावायला गेले तर आई रडायलाच लागली. तो मुलगा होता. आधीचे दोन दगावले म्हणून ह्याला दृष्ट लागू नये यासाठी मुलगी म्हणून वाढवत होते. दुसऱ्या दिवशी बाप एकटाच आला आणि हळूच विचारू लागला, फोटोतून मुरणी तेवढी पुसता येईल का? मी पुसून दिली. आईला कळल्यावर ती रागाने आली आणि मुरणी पेन्सिलीने परत रेखायला लावली. त्या पोराच्या नाकावरून नवराबायकोत किती दिवस जुंपली होती, देव जाणे. तमाशाच्या फडातला एक नाच्याही यायचा. नऊवारी नेसून तिपाईशी असा उभा राहायचा की समोरच्या वकिलीणबाईंनी ह्याच्याकडे शिकवणी लावावी. मग चेहरा धुऊन, पागोटं घालून खुर्चीत दुसरा फोटो. पहिला फडासाठी, दुसरा गावी आईसाठी. मी त्याला विचारलं, "तुला स्वतःला कोणता आवडतो रे?" तो म्हणाला, "वहिनी, मला दोन्ही लागतात." मला ते उत्तर फार आवडलं.

पण मला सांगायचं आहे ते आखाजीला आलेल्या पोरीबद्दल. मी इथे 'ती' म्हणते, कारण तेव्हा मी तिला तसंच ओळखत होते.

आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातला पोरींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाच्या झाडांना झोके बांधतात, आणि त्या दिवसांत त्यांना कोणी काही बोलत नाही. एखादी बापाचं धोतर नेसते, भावाचा कोट चढवते, कोळशाने मिशी काढते आणि गल्लीभर पाटीलकी करत हिंडते. बाकीच्या तिच्या बायका होतात, तिला गाण्यांतून शिव्या देतात. म्हाताऱ्या ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. मीही लहानपणी धुळ्याला एकदा असा बाप्या झाले होते. हसून हसून आणि घामाने माझी मिशी हनुवटीपर्यंत ओघळली होती.

पहिली मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी धरणगावकडच्या एका खेड्यातल्या पाच-सहा पोरी आगगाडीने जळगावला आल्या आणि थेट आमच्या दारात. मधोमध एक उंच पोर फेटा, कोट, धोतर, हातात काठी अशा थाटात. बाकीच्या तिला ढकलत, चिमटे काढत आत आल्या.

"अक्का, आमना नवरदेवले देखा!"

"ए, हासू नको ना, फोटूमा दात दिखतीन!"

हसण्याच्या नादात दोन काचा फुकट गेल्या. ह्यांनी कपाळाला हात लावला. तिसरी कशीबशी निघाली आणि पोरी बाजार बघायला धावल्या. ती उंच पोर मात्र मागे राहिली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अक्का, मना एकलाना फोटू काढतीन का?"

ह्यांनी ऐकलं. "अगं, सोंगाचा एक निघालाच की आत्ता."

"तो सोंगना शे," ती म्हणाली. "हाऊ मना ऱ्हाई."

हे माझ्याकडे बघायला लागले, अडचणीत आले की बघत तसे. मी म्हटलं, "काढा की. ठेवून काच काय अंडी घालणार आहे?" 

तिने माझ्याकडे पाणी मागितलं. मला वाटलं प्यायला. तिने त्यात पदराचं नव्हे, फेट्याचं टोक भिजवलं आणि कोळशाची मिशी पुसून टाकली. मग कोणी काही सांगायच्या आत खुर्चीत जाऊन बसली. पाय जरा फाकलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान सरळ. ह्यांनी फडक्यातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "हिला तर काही सांगावंच लागत नाही."

काच मेजावर आली तेव्हा मी नेहमीसारखी पेन्सिल घेऊन बसले. सोंग घेतलेला माणूस ओठ दाबून धरतो, नाहीतर हसू फुटेल ह्या भीतीने गाल ताठ करतो. नाटकवाल्यांचे चेहरेही मी तसेच पाहिले होते. हिचा चेहरा सैल सुटलेला होता. दिवसभर ओझं वाहून घरी आलेला माणूस ओट्यावर टेकतो ना, तसा. वरच्या ओठावर बारीक लव होती. बायकांच्या फोटोतली ती लव पुसायची, पुरुषांच्या फोटोतली तशीच ठेवायची, हा आमचा नियम. मी बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले आणि मग ती खाली ठेवली. त्या चेहऱ्यावर मला काहीच करावंसं वाटलं नाही.

फोटो न्यायला ती एकटीच आली. त्या दिवशी लुगडं होतं, वरून बापाचा जुना सदरा. माय लहानपणीच गेलेली. बाप आणि ती, दोघंच. लहानपणी हिचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो मुलगा तापाने गेला, आणि मग लोकांनी हिच्या पायगुणाला नावं ठेवली म्हणून बापाने कोणाच्या दारात जाणंच सोडून दिलं. औत, वखर, गाडी, सगळं हीच हाकायची. हे तिने मला सुपारी फोडत फोडत सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. फोटो मात्र तिने दोन्ही हातांनी धरला.

"बांधून देऊ?" मी विचारलं.

"घर कसा लई जाऊ? आबा देखतीन. आठेच राहू द्या."

आता आमच्या ह्यांचं. दुकानाबाहेर भिंतीला एक काचेची पेटी होती, तिच्यात आमचे चांगले चांगले फोटो लावलेले असत. जाड पुस्तकावर हात ठेवलेले वकील, एक पैलवान, एक गुटगुटीत बाळ. बाजारच्या दिवशी पेटीसमोर गर्दी होई, आणि गर्दीत उपवर मुलींचे बाप असत. "हा कोणाचा मुलगा हो?" असं विचारत ते आत येत, हे त्यांना गाव-कूळ सांगत, आणि खरोखरच दोन लग्नं त्या पेटीने जमवली होती. त्याचा ह्यांना भारी अभिमान. तिचा फोटो हातात आला तसा ह्यांनी वकिलांना काढलं आणि त्यांच्या जागी तिला लावलं.

मी म्हटलं, "अहो, कोणी ओळखलं म्हणजे?"

"फेटा बांधलेलं कोण ओळखतंय? वर्षभरातला हा माझा सगळ्यात चांगला फोटो आहे."

चांगला होताच, त्यामुळे मी तो लावू दिला. पण पुढच्या बाजारी ती आली आणि तिला तो दिसला. मला वाटलं आता रडारड होणार. ती रस्त्याच्या पलीकडे, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. लोक पेटीसमोर थांबत, तिच्या फोटोकडे बघत, काहीबाही बोलत आणि पुढे जात. ती त्यांच्याकडे बघत होती. कोणी म्हणालं, "गडी देखणा शे," की ती खाली मान घालून हसायची. त्यानंतर ती दर चार-दोन बाजारांनी यायची, आत येऊन माझ्याजवळ चहा प्यायची, आणि जाताना त्या पायरीवर घटकाभर बसायची. एवढंच. एवढ्याने तिचं मन भरायचं, हे बघून मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

कपाशीच्या दिवसांत तिचा बाप आला. तिचे ते आबा, आम्ही मात्र त्यांना नाना म्हणत असू. गाडीभर कापूस जिनात घालून, अंगावरची रुई झटकत ते दारात उभे राहिले. पोरीला बघायला भुसावळचं स्थळ आलं होतं. रेल्वेत कारकून, बिजवर, आणि त्याला आधी फोटो हवा होता. नवी टूम.

"माले काय हौस शे का?" नाना म्हणाले. "भाऊबंद रोज बोलतस. आंडेरले किती दिन घरमा ठेवशी, मराना टाईमले तिले कोन देखी? मनाकडे जबाब नही."

आमच्या खानदेशात मुलीला आंडेर म्हणतात आणि मुलाला अंडोर. बोलताना त्यांनी पेटीकडे पाहिलं नव्हतं. घाईत होते. येत्या बाजारी पोरीला घेऊन येतो म्हणून गेले.

त्याच आठवड्यात धुळ्याचे एक पाहुणे आमच्या पायऱ्या चढले. जळगावला सोयऱ्यांकडे आले होते. भरदार मिशा, खांद्यावर उपरणं, चांगले खातेपिते शेतकरी. पेटीतल्या फेटेवाल्याकडे बोट करून म्हणाले, हा कोणाचा? माझी धाकटी मुलगी आहे, तिला असाच मुलगा बघतो आहे. मी आतून खूण करत होते, डोळे वटारत होते. पण आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. जात सांगितली, गाव सांगितलं, ती पोर आहे एवढंच सांगितलं नाही, वर म्हणाले, "त्यांचे वडील येत्या बाजारी इथेच येणार आहेत. तुम्हीच बोला ना त्यांच्याशी."

पाहुणे गेल्यावर मी ह्यांना असं काही फैलावर घेतलं की विचारू नका.

"मी कुठे खोटं बोललो?" हे म्हणाले. "वडील येणारच आहेत. काय ते सांगतील. आपण कशाला मधल्या मधे वाईटपणा घ्यायचा?"

बाजारचा दिवस उजाडला. नाना पोरीला घेऊन लवकरच आले. तिच्या हातात एक गाठोडं होतं, त्यात तिच्या मायचं बुट्ट्यांचं लुगडं. कपडे बदलायला आम्ही पडद्यामागे एक कोपरा केलेला होता. मी तिला तिथे नेलं. तिने सदरा काढून खुंटीला लावला आणि मानेवर जू ठेवताना बैल उभा राहतो तशी माझ्यासमोर उभी राहिली. मी निऱ्या काढल्या, पदर घेतला, केस चापून बसवले, पावडर लावली. माझी नथ तिच्या नाकात अडकवली. मी कितीही नीटनेटकं केलं तरी ते लुगडं तिच्या अंगावर वाळत घातल्यासारखं दिसत होतं. दिसायला ती वाईट नव्हती, उलट देखणीच. पण खुर्चीतल्या त्या माणसातलं ह्या बाईत काहीच राहिलं नव्हतं.

तिने आरशात बघितलं नाही. मला म्हणाली, "अक्का, ह्या फोटूमा मी दिखसू का?"

मला त्या भुसावळच्या कारकुनाचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याच्या डोक्यात फुलदाणी घातली असती. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. पण राग काय चूक बघून येतो? मी तिला एवढंच म्हटलं, "नको असेल तर सांग नानांना. मी बोलू का?"

"आबाले मी काय सांगू? त्यासले झोप लागत नही मना काळजीमा." आणि ती पडदा सरकवून तिपाईशी जायला निघाली.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. धुळ्याचे पाहुणे आले होते. मी तिचा दंड धरून तिला थांबवलं. पडद्याला एक फट होती. तिच्यातून नाना बाकावर बसलेले दिसत होते आणि त्यांच्यासमोर पाहुणे उभे. हातात नारळ. दुसऱ्या हातात पेटीतून काढलेला फोटो, म्हणजे आमच्या ह्यांनी तोही काढून दिला होता!

"नाना, रामराम. तुमना अंडोर माले पसंत शे," पाहुणे म्हणाले. "मनी धाकली आंडेर शे, शेतीना कामले बी चांगली. नारय लई उनू मी."

नानांना काही कळलं नाही. "मना अंडोर?"

पाहुण्यांनी फोटो त्यांच्या हातात दिला.

आमचे हे कॅमेऱ्यामागे गेले आणि काळ्या फडक्यात डोकं घालून उभे राहिले. कॅमेऱ्यात काच नव्हती. असे हे शूरवीर.

नानांनी फोटो लांब धरला, मग जवळ घेतला. शेतकऱ्याचे डोळे, दूरचं दिसणारे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिचा दंड माझ्या हातातच होता. सुटका फार सोपी होती. "अहो पाव्हणे, ही तर माझी मुलगी, आखाजीचं सोंग आहे ते," एवढं म्हटलं असतं की काम झालं. पाहुणे हसले असते, नाना हसले असते, फडक्यातून डोकं काढून आमचे हेही हसले असते. त्यात खोटं काही नव्हतं, आणि बापाचा मानही गेला नसता. फक्त पडद्यामागे उभी असलेली ती त्या हसण्यात कायमची सोंग ठरली असती. मग तिपाईशी उभं राहणं, भुसावळ, कारकून, सगळं आपोआप झालं असतं. तिनेही ते ओळखलं होतं. तिने डोळे मिटून घेतले.

नाना फोटोकडे बघतच राहिले. एवढा वेळ, की पाहुण्यांना उभ्याउभ्या अवघडल्यासारखं झालं आणि त्यांनी नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. नानांनी अंगठ्याने फोटोतल्या फेट्यावरून, मग गालावरून हात फिरवला. त्यांना काय दिसलं मला माहीत नाही. मी एवढंच सांगते की तो चेहरा मी रोज बघितलेला होता, आणि त्यात जे सुख होतं ते कोणत्याही बापाला दिसलं असतं. कदाचित पोर औतामागे चालताना त्यांना इतकी वर्षं ते पाठमोरं दिसत आलं असेल आणि आज पहिल्यांदा समोरून दिसलं असेल.

"हाऊ मना अंडोर शे," नाना म्हणाले.

दंड माझ्या हातातून निसटला. ती खाली बसली, आणि मी तिच्या शेजारी.

"मंग?" पाहुणे खूश झाले. "नारय ल्या ना."

"नही पाव्हना. त्यानं लगीन करनं नही."

"काब्र? काही दोस शे का?"

"दोस काहीच नही," नाना म्हणाले. शब्द एकेक सुटा येत होता. "तो तसाच शे. वावर त्यानं, घर त्यानं. मना डोया झाकाई गयात तरी त्याले भाऊबंदमाईन कोनी काही बोलाना नही, अशी यवस्था मी करी ठेवसू. पन लगीन नही. तुमनी आंडेरले चांगलं घर मियी, देव बरं करो."

पाहुणे जुन्या वळणाचे होते. घरातल्या गोष्टीचं कारण एकदाच विचारायचं, दुसऱ्यांदा नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नानांना रामराम केला. नारळ मात्र परत नेला नाही. आणलेला नारळ मागे नेऊ नये म्हणून बाकावरच ठेवला आणि पायऱ्या उतरून गेले.

मग नाना पडद्याच्या दिशेने बोलले. आत आले नाहीत. "फोटू राहू दे. कपडा बदलाई ले. उन्ह व्हवाना पहिले घर जाऊत." आणि मग जरा थांबून, "मायनं लुगडं नीट घडी कर, फाडजो नको."

पडद्यामागे आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो. तिचे डोळे वाहत होते आणि पावडरीत ओघळ पडले होते. माझीही गत तीच. मी नाक पुसलं, तिच्या नाकातली नथ काढून घेतली, आणि उठून सवयीने तिच्या निऱ्यांना हात घातला. पदराची पिन काढायची, निऱ्या सोडायच्या, लुगडं उतरवायचं, हे मी रोज कोणा ना कोणाचं करत असे. आत्ताच घटकेपूर्वी ह्याच अंगावर मी ते नेसवलं होतं.

माझं मनगट धरलं गेलं आणि हात बाजूला झाला. हळूच, पण बाजूला झाला.

"अक्का," तो म्हणाला, "तुमी जरासं भाईर जा ना. माले कपडा बदलाना शेत."

मी एक क्षण तशीच उभी राहिले. आणि मग मला माझीच लाज वाटली, परक्या पुरुषाच्या खोलीत चुकून शिरल्यावर वाटावी तशी.

"हो भाऊ," मी म्हटलं, डोक्यावरून पदर पुढे ओढला, आणि खाली मान घालून बाहेर आले.